तिसऱ्या मजल्यावरचा दिवा

धर्मसंस्थेच्या विद्यापीठात शिकवणारे ते दोन सर कागदोपत्री वेगवेगळ्या क्वार्टरमध्ये राहत होते. गणिताचे पहिल्या मजल्यावर, इतिहासाचे तिसऱ्या. खरं तर तेवीस वर्षं दोघांचा संसार पहिल्या मजल्यावरच चालला होता. बोभाटा झाला असता, तर दोघांच्याही नोकऱ्या गेल्या असत्या. म्हणून रोज दिवेलागणीला इतिहासाचे सर किल्ली घेऊन वर जायचे, आपल्या रिकाम्या घरात दिवा लावायचे आणि गुडघे धरत खाली यायचे. कधीमधी विसरायचेही. पण नशीब बलवत्तर, कुणाच्या लक्षात आलं नाही.

आज संध्याकाळी क्वार्टर्सचा म्हातारा वॉचमन सहीसाठी परिपत्रक घेऊन आला. गणिताच्या सरांनी ते मोठ्यानं वाचलं. "लैंगिक कलावरून यापुढे कुणाशीही भेदभाव केला जाणार नाही."

दोघांनी सह्या केल्या. चार महिन्यांवर रिटायरमेंट आली होती, आनंद करायचंही त्राण नव्हतं. इतिहासाच्या सरांनी सवयीनं खुंटीवरची किल्ली काढली.

"राहू दे रे आज," गणिताचे सर म्हणाले.

वॉचमननं कागदाची घडी केली, पण तो दारातच घुटमळला.

"सर, एक विचारू? तुम्ही विसरता त्या दिवशी माझ्याकडच्या किल्लीनं मीच वर जाऊन दिवा लावतो. ते आता बंद केलं तर चालेल ना? गुडघे माझेही दुखतात हो."