सोलरचा कॉक

कपड्यांच्या मशीनमध्ये आज चौथ्या दिवशीही गरम पाणी येईना. भारतनं पाइप सोडून जाळी धुतली, बटणं दाबदाबून पाहिली अन् शेवटी भडकला, "शीतल, गच्चीवर जाऊन सोलरचा कॉक पाह्य जल्दी. न्हाई तर मिस्त्रीलाच बोलावतो!"

महिन्याभरापूर्वी तीर्थपुरीहून लेकाकडं जालन्याला राहायला आलेले काकासाहेब गुडघे चोळत बसले होते. ते ताडकन उठले. "सूनबाई, तू नको जाऊ. मी पाहून येतो."

"मामा, तुमचे गुडघे दुखून राह्यले ना?" म्हणत शीतल जिना चढलीसुद्धा. मागून कठडा धरत, धापा टाकत सासरे येतच होते.

मशीनकडं जाणारा कॉक घट्ट बंद होता; सगळं गरम पाणी गच्चीवरच्या नळाकडं वळवलेलं. सोलरच्या टाकीजवळ गरम पाण्याची बादली, साबणाची वडी; अन् पॅनेलच्या आडोशाला, दोरीवर सासऱ्यांच्या पलंगावरची चादर. घासून घासून विरली होती, तरी मधोमध पिवळट डाग राहिलाच होता.

काकासाहेब शेवटच्या पायरीवर येऊन थांबले. मान खाली.

शीतलनं कॉकला हातही लावला नाही.



"अहो, कॉक बराबर उघडाच हाय!" ती खाली वाकून ओरडली. "मिस्त्री नका बोलावू. इथून पुढं मशीन थंड्या पाण्यावरच लावते."