सदनिका पसंत आहे

शीला परुळेकरांनी हॉलच्या मधोमध गोटी ठेवली आणि हात काढून घेतला. गोटी क्षणभर थांबली. मग काहीतरी आठवल्यासारखी बेडरूमकडे निघाली.

"बघा, कशी चालते," शीलाताई म्हणाल्या.

"मॅडम, थोडा स्लोप असतोच," सलिल म्हणाला.

सलिल बिल्डरचा माणूस. गळ्यात टाय, काखेत फाइल आणि हातात बाळकुमच्या या टॉवरमधल्या सोळाव्या मजल्याची किल्ली. किल्ली हवी तर आधी ताबापत्रावर सही, असा नियम होता. पत्रात एकच ओळ ठळक होती : 'सदनिका पाहिली, पसंत आहे, तक्रार नाही.' पाहायला त्याने पाच मिनिटं दिली होती. आता पन्नास झाली होती.

शीलाताईंचे यजमान बाळराव खिडकीशी उभे होते. डोंबिवलीचं भाड्याचं घर रविवारी सोडायचं होतं. टेम्पो सांगून झाला होता. तिथला नवा भाडेकरू परवाच येऊन पडद्यांची मापं घेऊन गेला होता. तेव्हा बाळरावांच्या मते हे घर उत्तमच होतं.

"अगं, खाडीसुद्धा दिसते."

दिसत होती. समोरच्या टॉवरच्या दोन न्हाणीघरांच्या मधून, हातभर.

शीलाताई गुडघ्यांवर बसल्या आणि दहाच्या नाण्याने एकेक लादी वाजवू लागल्या. भरीव लादी 'टक्' म्हणते, पोकळ लादी 'डब्' म्हणते. डब् म्हणणाऱ्या नऊ लाद्यांवर त्यांनी खडूने फुल्या मारल्या. मग बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतलं. पाण्याने जाळीकडे एकदा पाहिलं आणि ते दाराकडे वळलं. मोबाइलचा चार्जर प्रत्येक प्लगमध्ये खोचून झाला. दोन मुके निघाले. शेवटी त्यांनी बेडरूमच्या भिंतीवर तळहात ठेवला. तो ओला झाला.

"ही एकच भिंत जांभळी का हो?"

"फीचर वॉल आहे, मॅडम."

शीलाताईंनी वहीत लिहिलं : फीचर वॉल, ओल आहे.

सलिलचा धीर सुटला. "मॅडम, महिनाअखेर आहे. आज मला सात ताबे द्यायचेत. साहेब डोकं खातायत. तुम्ही सही करून टाका, बाकीचं नंतर होऊन जाईल."

"नंतर कोण करणार?"

"अहो, नवीन घर म्हटलं की थोडं ॲडजस्ट करायचं असतं. एवढं कोणी बघतं का?"

शीलाताई उठल्या. गुडघे वाजले. तेही त्यांनी लक्ष देऊन ऐकले.

"मला बघितलंय," त्या म्हणाल्या. "अकरा स्थळांनी. चालून दाखव म्हणाले, चालले. सुईत दोरा ओव म्हणाले, ओवला. एका बाईंनी वेणी खरी आहे का म्हणून ओढून पाहिली. माझे बाबा पोह्यांच्या बश्या घेऊन उभे असायचे. एवढं कोणी बघतं का, असं विचारायची त्यांची एकदाही छाती झाली नाही."

बारावं स्थळ खिडकीतून पुन्हा खाडी शोधू लागलं.

"पण शीला," ते खाडीलाच म्हणाले, "रविवारी सामान कुठे न्यायचं?"

"मालनकडे, शीळफाट्याला. बहीण आहे माझी, महिनाभर ठेवेल. तिचं घर जुनं आहे, पण त्यातलं पाणी दाराकडे येत नाही."

त्यांनी वहीतलं पान फाडलं, ताबापत्राला टाचणीने लावलं आणि दोन्ही कागद सलिलच्या हातात दिले. सहीची जागा कोरीच होती.

सलिलचा फोन वाजला. साहेब. "हो सर... बघतायत सर... नाही, अजून नाही..." त्याने फोन छातीशी दाबून धरला. टाय सैल झाला होता. दुसऱ्या हाताने त्याने फायलीखालचा पेढ्यांचा खोका काढून पुढे केला. गेल्या तासाभरात प्रथमच त्याचा आवाज मऊ झाला होता.

"घ्या ना, मॅडम. घ्या. तोंड गोड करा. आणि... आमच्या साहेबांना काय सांगू? पसंत आहे ना?"

शीलाताईंनी पेढा घेतला. सावकाश खाल्ला. रुमालाला बोटं पुसली, पर्स खांद्याला लावली आणि दारात एकदा मागे वळून घराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आम्ही घरी जाऊन कळवतो," त्या म्हणाल्या.