यादीतली दोन नावं

मशीन सत्तराव्या प्रश्नाला बंद पडलं, हे डार्सीनं स्वतःच गावभर सांगितलं होतं. आता शुक्रवारी सकाळी लव्हॉनच्या कॉफीच्या दुकानात सगळे तेच चघळत बसले होते.

रुग्णवाहिकेवर काम करायचं तर ही परीक्षा द्यावी लागते. प्रश्न कमीत कमी सत्तर, जास्तीत जास्त एकशेवीस. तुमच्याबद्दल खात्री पटली की मशीन मध्येच थांबतं. खात्री कसली पटली, हे मात्र सांगत नाही. ते दोन दिवसांनी कळतं.

"सत्तरला बंद म्हणजे एक तर हुशार, नाहीतर अगदीच ढ," लव्हॉन कॉफी ओतत म्हणाली. खरं बोलताना समोरच्याचं तोंड बघायची तिला सवयच नव्हती.

डार्सीचं तोंड एवढंसं झालं. धान्याच्या कोठारावर हिशेब बघणारी, दोन पोरांची आई. अख्खा हिवाळा तिनं आगीच्या बंबाच्या शेडमध्ये आर्डिसकडे शिकवणी घेतली होती. बाहेर उणे वीस आणि आत ही एकटी पोरगी रबरी बाहुल्याची छाती दाबतेय. आर्डिस हाउगननं तिला एक दिवस सूट दिली नव्हती. म्हणूनच डार्सी तिला 'बाई' म्हणायची.

"शेवटपर्यंत ओढत नेतं, ते जास्त वाईट," आर्डिस म्हणाली. "एकशेवीस प्रश्न झाले तरी त्याचं मत बनत नाही. उठताना पाय लटपटतात माणसाचे."

"तुला काय माहीत?" लव्हॉननं विचारलं.

"इतक्या जणांना पाठवलंय मी," आर्डिस म्हणाली आणि कपात बघत राहिली.

तिची काळजी सगळ्यांना कळत होती. नियम साधा होता. परीक्षा पास झालेली दोन नावं यादीत असतील, तरच गावाला रुग्णवाहिका. एक नाव कमी पडल्यावर जिल्ह्यानं दिलेली मुदत आज, एकतीस मार्चला, संपत होती. बारा वाजता जिल्ह्याचा माणूस येणार होता, एक तर सही करून जायला, नाहीतर किल्ल्या घेऊन जायला. किल्ल्या गेल्या की इस्पितळ साठ मैलांवर आणि गाडीही तिकडूनच येणार. तोवर छातीत कळ आलेल्या माणसानं करायचं काय? वाट बघायची.

दुसरं नाव गेल्या वर्षीपर्यंत लाइलचं होतं. दर दोन वर्षांनी प्रत्येकानं चाळीस तासांच्या शिकवणीचा कागद भरायचा आणि त्यावर शिकवणाऱ्याची, म्हणजे आर्डिसची, सही घ्यायची. लाइलचे सहा तास कमी भरले. आर्डिसनं सही दिली नाही. पुन्हा परीक्षेला बसा, असं राज्याच्या कचेरीनं कळवलं तेव्हा साठीच्या लाइलनं जाकीट खुंटीला अडकवलं आणि तो घरी गेला. त्यानंतर तो आर्डिसशी एक शब्द बोललेला नाही.

राहिली आर्डिस. सत्तावीस वर्षं. तिचं नाव गावानं कधी मोजलंच नव्हतं. ते असणारच होतं.

बुधवारी तिनंच डार्सीला शहरात परीक्षेला नेलं होतं. डार्सी साडेनऊला मोकळी झाली, बहिणीबरोबर जेवायला आणि बाजारात गेली, ती चारला परतली. आर्डिस गाडीत बसलेली, चेहरा राखेसारखा. एवढा वेळ काय केलंत, असं डार्सीनं विचारलं. वेळ काढला, एवढंच ती म्हणाली. आपल्यापायी बाईंच्या जिवाला घोर, या विचारानं डार्सीला रडूच यायचं बाकी होतं.

"काय ती तपासणी," डार्सी आता लव्हॉनला सांगत होती. "बाह्या वर करा, खिसे उलटे करा."

"चष्मासुद्धा काढून घेतात, उलटसुलट करून बघतात," आर्डिस म्हणाली.

लव्हॉन हसली. "तू तर असं तोंड केलंयस, जणू पेपर तूच दिलायस."

त्या दिवशी बसलेल्या सगळ्यांचे निकाल साडेदहाला एकदम लागणार होते. तुम्हीच बघा, बाई, असं म्हणून डार्सीनं नंबराची चिठ्ठी आर्डिसपुढे सरकवली. आर्डिसनं आपल्या फोनवर नाव टाकलं, नंबर टाकला.

"पास," आर्डिस म्हणाली. "पास झालीस, पोरी."

डार्सी तिच्या गळ्यात पडून हुंदके देऊन रडली. आर्डिसनं तिला घट्ट धरून ठेवलं. तिला मनापासून आनंद झाला होता, अगदी पोटच्या पोरीचा व्हावा तसा. लव्हॉननं भट्टीतला अख्खा ट्रे आणून ठेवला आणि आज कुणी पाकीट काढायचं नाही, असं बजावलं. कोपऱ्यातून लाइल उठला, आर्डिससमोर आला आणि त्यानं हात पुढे केला.

"वाचवलंस गावाला," तो म्हणाला.

आर्डिसनं त्याचा हात हातात घेतला. मग जिल्ह्याच्या माणसाला फोन करून येते म्हणाली आणि बाहेर आपल्या गाडीत जाऊन बसली. काचेतून तिला सगळे दिसत होते. डार्सी पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सांगत होती.

तिचा स्वतःचा चाळीस तासांचा कागद कचेरीनं डिसेंबरातच परत पाठवला होता. शिकणारा आणि सही करणारा एकच आहे, हे चालणार नाही, एकतीस मार्चच्या आत पुन्हा परीक्षा द्या, असं त्यावर लिहिलं होतं. आर्डिसनं कोटाच्या खिशातून दुसरी चिठ्ठी काढली, चष्मा पुसला आणि बुधवारी दुपारी एकच्या परीक्षेचा नंबर टाकला.

हाउगन, आर्डिस. नापास.