नव्या बेकरीचं कार्ड

"तुमच्या भावाचा मेल आलाय की कालच," दिव्यांच्या दुकानाचा मालक फोनवर म्हणाला. "खोकी तीच, छपाई तीच, भाव तुमच्यापेक्षा कमी. कोण विकणार ते आधी घरात ठरवा, मग आम्हाला फोन करा."

थोरल्याने फोन आपटला. हे काही पहिलं दुकान नव्हतं.

दोघा भावांचा खोक्यांचा कारखाना फुटला, तेव्हा जुनी जागा आणि वडील थोरल्याकडे राहिले. धाकट्याने पुलापलीकडे नवं यंत्र टाकलं. तेव्हापासून दुकानदारांचे ईमेल पत्ते मिळवायचे आणि दुसऱ्याच्या आधी भाव कळवायचा, ही शर्यत. मोठ्या कंपन्यांचे पत्ते बसल्या जागी सापडतात. कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानाचा पत्ता हवा असेल, तर आपल्या चपला झिजवाव्या लागतात.

त्या झिजवायची बहीण. चाळिशी आली तरी तिला सगळे बेबीच म्हणत. नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून ती कारखान्यामागच्या खोलीत राहायची. तेवढी खोली आणि तेवढं काम, याखेरीज तिला जगात आधार नव्हता. दिवसभर ती दुकानोदुकानी फिरून कार्डं गोळा करायची. संध्याकाळी बाबा एकेक पत्ता वाचायचे आणि ती टाइप करायची. सकाळी थोरला मेल पाठवायचा. तोवर धाकट्याचा मेल पोचलेला असायचा.

"हे बेबीचंच काम," थोरला बाबांना म्हणाला. "लहानपणापासून ती त्याचीच बाजू घेते."

"त्या नालायकाचं नाव काढू नकोस माझ्यासमोर!" बाबा कडाडले.

धाकटा वेगळा झाला, त्या दिवशी बाबांनी त्याचा फोटो भिंतीवरून उतरवून रद्दीत टाकला होता. कोणी त्याच्याबद्दल बरा शब्द काढला, तर ते भरल्या ताटावरून उठायचे.

मग थोरल्याने सापळा लावला. नसलेल्या बेकरीच्या नावाने ईमेल उघडला, तो आपल्या फोनला जोडला आणि छपाईच्या यंत्रावर एकच कार्ड काढलं. बाबांना खरं सांगावंसं वाटलं, पण बाबांच्या तोंडात तीळ भिजत नाही. बेबीशी तर त्याचं बोलणंच बंद होतं.

"बाबा, एका ओळखीच्याने हे कार्ड दिलंय," तो संध्याकाळी म्हणाला. "बेबीच्या कार्डांत ठेवा. आजच्या यादीत जाऊ दे."

बाबांनी चष्मा लावून कार्ड निरखलं. "नवी बेकरी? गिऱ्हाईक मोठं दिसतंय."

"मोठंच आहे. तीन शाखा काढतायत."

"जा तू. ठेवतो मी."

थोरला यंत्राकडे गेला. खडखडाटातही बाबांचा पत्ते वाचायचा आवाज येत होता, शब्द मात्र कळत नव्हते. काम उरकल्यावर बाबा नेहमीसारखे फिरायला गेले.

ते परतायच्या आतच थोरल्याचा फोन वाजला. बेकरीच्या पत्त्यावर धाकट्याचा मेल आला होता. नव्या बेकरीला शुभेच्छा, तीन शाखांसाठी खास सवलत, नमुने उद्याच घेऊन येतो. बेबीची आजची यादीही येऊन पडली होती, पण ती उघडायची आता गरजच उरली नव्हती. रागाने त्याचे कान तापले.

तो तडक मागच्या खोलीत गेला.

"सामान बांध."

बेबी पाय चोळत बसली होती. "काय झालं?"

"पत्ते त्याला पुरवायचे आणि जेवायचं माझ्याकडे! लाज नाही वाटली?"

"कोण म्हणतं मी पुरवले?"

"पुरावा आहे माझ्याकडे."

"मग दाखव."

"दाखवतो ना! म्हणजे तू त्याला सावध करायला मोकळी."

"दादा, अरे, मी जाऊ कुठे?"

"ज्याला पत्ते दिलेस, त्याच्याकडे जा."

"तो माझा फोनसुद्धा उचलत नाही!"

"नाटकं पुरे."

बाबा दारात येऊन उभे होते. बेबी त्यांच्याकडे वळली. "बाबा, तुम्ही तर रोज माझ्याशेजारी बसता. तुम्ही तरी सांगा याला."

बाबा खाली वाकून बूट काढू लागले. "मला काय विचारतेस? मी वाचायचं तेवढं वाचतो. तू पुढे काय करतेस, मला काय ठाऊक?" मग सरळ होत ते म्हणाले, "या घरात फितुरी चालायची नाही."

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, हे बेबीने नवऱ्याकडे एकदा पाहिलं होतं. तिने पिशवी भरली. खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि मागे न बघता निघून गेली. थोरल्याला क्षणभर वाटलं, हाक मारावी. त्याने मारली नाही.

तिच्या टेबलावर कार्डांचा गठ्ठा तसाच होता. बेकरीचं कार्ड फाडून टाकावं म्हणून त्याने तो चाळला. पुन्हा चाळला. त्यात ते नव्हतं. पुरावाही पळवला चोरटीने, तो पुटपुटला, आणि मनात उरलीसुरली शंका होती तीही गेली.

बाबा कपडे बदलून खुर्चीत बसले होते.

"उद्यापासून पत्ते आणायला मीच जाईन," थोरला म्हणाला. "तुम्ही वाचाल ना?"

"न वाचायला काय झालं? वाचेन की." बाबांनी पेपर उघडला आणि लांब धरला. "माझा चष्मा बघ रे जरा. खुंटीवरच्या सदऱ्यात राहिला असेल."

थोरल्याने सदऱ्याच्या खिशात हात घातला. चष्मा बाहेर आला, आणि त्याच्या काडीत अडकून बेकरीचं कार्डही.