भुताचं 'आई गं'

"त्या भयपटातल्या भुताचं 'आई गं' ऐकून थिएटरात लोक किंचाळले. ते सुचलं कसं?" टीव्हीवर मुलाखतकारानं विचारलं.

"भूतही कुणाचं तरी लेकरूच असतं," दिग्दर्शक गंभीरपणे म्हणाला.

आत भाकरी थापणाऱ्या कुंदाताईंना धड हसूही आलं नाही. भुताला आवाज त्यांचाच होता. डबिंगच्या वेळी दिवसभर किंचाळून घसा बसला, तरी एकही किंकाळी या दिग्दर्शकाला पसंत पडली नव्हती. शेवटी कंबर धरून त्या खुर्चीत टेकल्या, आणि तोंडून जे निघालं ते माइकनं टिपलं.

पिठाचा डबा उचलायला त्या वाकल्या. पाठीत उसण भरली.

"आई गं!"

बाहेर नवरा आणि मुलगा दोघंही दचकले.

"वा आई, हुबेहूब सिनेमातलं!" मुलगा हसत म्हणाला आणि त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.