मागचं वजन
सुचेताताईंची गाडी कुंभिवलीला टायरच्या दुकानाशी थांबली. मागे जोडलेला लांबलचक ट्रेलर हायवेवर शेपटीसारखा डुलत आला होता. त्यात दिवंगत नवऱ्याचं ग्लायडर, बिनइंजिनाचं छोटं विमान, होतं. ते विकायला त्या पुण्याला निघाल्या होत्या. दुकानदार दशरथने ट्रेलरच्या टायरवर नख दाबलं. “नक्षी नवी हाय, पण नुसतं उभं राहून रबर तडकलंय. कारचे टायर नका घालू, मऊ पडतील. हे ट्रेलरचे कडक घ्या. आन् मागचं वजन पुढं घ्या, नायतर घाटात परत डुलंल.” “मागे कसलं वजन?” त्यांनी ट्रेलरचं मागचं दार उघडलं. कोपऱ्यात शिशाच्या वजनांची पेटी होती. झाकणावर नवऱ्याच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली: ‘सुचेता उडवेल तेव्हा सीटखाली ठेवणे. ती फार हलकी आहे.’ दशरथने नवे टायर चढवले, पेटी पुढे ओढली. “आता बिनधास्त जावा, ताई. गिऱ्हाईक ठरलंय का?” “ठरलं होतं,” त्या म्हणाल्या. “आता उडवायला शिकवणारा शोधायचाय.”