पंपावरचा फोटो

व्हर्ना ढाब्याच्या न्हाणीघरात अंघोळ करून, डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली, तर व्हॅन जागेवर नव्हती.

तिनं पंपाकडे पाहिलं. मग ढाब्याच्या मागे जाऊन आली. मागे नुसतं जंगल, आणि एक कावळा.

"हिरव्या व्हॅनवाले ना? ते केव्हाच गेले," गल्ल्यावरची रोझान म्हणाली. हा ढाबा तिचाच. "उत्तरेकडे. मला वाटलं, एकटेच आहेत."

"एकटा कसला! मी आहे ना त्याची बायको!"

रोझान हसणार होती, पण व्हर्नाचा चेहरा बघून तिनं कॉफी ओतली. आपल्या नवऱ्याचा जाडजूड चौकड्यांचा कोट आणून व्हर्नाच्या खांद्यावर टाकला. तो तिच्या गुडघ्यापर्यंत आला.

"फोन करायचाय?"

"माझा फोन गाडीत. आणि त्याला या रस्त्यावर कुठली आलीय रेंज!" व्हर्नानं हातातला मग इतक्या जोरात आदळला की कॉफी सांडली. "सकाळी हे बघा, हात भाजला माझा. स्टोव्हवरचं पाणी उडालं. आणि हा माणूस काय करतो? आधी गॉर्डीला उचलून लांब ठेवतो! का, तर वाफेनं त्याची लोकर खराब होईल!"

"गॉर्डी कोण? कुत्रा?"

"कुत्रा परवडला! खेळण्यातला बीव्हर आहे, लोकरीचा. हा एवढा. पुढे दोन दात, मागे चपटी शेपटी."

ऑरेस्ट निवृत्त झाला आणि दोघं सॅस्कॅचवानमधल्या घरून निघाली. पार वर, गोठलेल्या समुद्रापर्यंत जायचं, वाटेत तंबू ठोकायचे, हे तिचं स्वप्न. गॉर्डी नंतर आला. गॉर्डी नदीवर, गॉर्डी घाटात, गॉर्डी प्रत्येक पेट्रोल पंपाच्या डोक्यावर. ऑरेस्ट फोटो काढायचा आणि इंटरनेटवर लोकांना दाखवायचा. हजारो माणसं त्या बीव्हरची खुशाली विचारत. एकदा कुणीतरी विचारलं होतं, फोटोच्या कडेला हे कोपर कुणाचं? ते व्हर्नाचं होतं.

सकाळी ती फाटकन म्हणाली होती, "घे, बसव त्यालाच माझ्या जागेवर! मी मागे झोपते. आणि खबरदार उठवलंस तर!" पडदा खस्सकन ओढला होता. ऑरेस्टनं खरोखरच गॉर्डीला पट्टा बांधला होता. तो बांधल्याचा आवाज तिनं पडद्यामागून ऐकला होता.

इथे गाडी थांबली तेव्हा ती मागच्या दारानं उतरली. एका शब्दानं बोलली नाही. त्याच्याशी बोलतंय कोण!

"मग त्यांना वाटणारच, की..." रोझान म्हणाली.

"तुम्ही त्याची बाजू नका घेऊ हो! निघताना एकदा पडदा सारून बघता येत नाही? एकतीस वर्षं संसार केलाय!" तिचा आवाज फाटला. "बघितलं असेल ना, बघितलं असेल. गॉर्डीचा पट्टा नीट आहे का, ते!"

दार उघडून डेल आत आला. लाकडाचा ट्रक घेऊन तो दक्षिणेकडे निघाला होता. त्यानं हातातलं काहीतरी गल्ल्यावर ठेवलं. "पंपावर विसरलंय कुणीतरी."

"रोजचंच आहे," म्हणत रोझाननं ते न बघताच गल्ल्याखालच्या खोक्यात टाकलं. खोकं हातमोज्यांनी आणि थर्मासांनी भरून गेलं होतं. "लोक काय काय विसरतात! बाई, तुम्हालाही याच खोक्यात बसवते आता."

व्हर्नाला हसू आलं, आणि त्याच दमात रडूही. तिनं तोंड कोटात लपवलं.

डेलनं सगळं ऐकून घेतलं. "फोर्ट नेल्सनला सोडतो की. एवढं खाऊन घेतो, मग चला."

दक्षिणेकडच्या त्या गावात तिची बहीण होती. व्हर्नानं खिडकीतून उत्तरेच्या रस्त्याकडे पाहिलं.

"तुमचं खाऊन होईपर्यंत थांबते," ती डेलला म्हणाली. "तोवर आपणहून परत आला, तर त्याच्याबरोबर समुद्रापर्यंत जाईन. सगळं विसरेन. नाही आला, तर संपलं. बहिणीकडे गेले की परत त्याच्या घरात पाऊल टाकायची नाही."

"नवरे लोकांना रात्री भूक लागली की आठवण येते," रोझान म्हणाली. "उगाच आशा धरू नका."

डेल भला माणूस. सावकाश खात होता. ताटली पुसून झाली तरी त्यानं आणखी एक कॉफी मागितली. तीही संपली. त्यानं टोपी उचलली. व्हर्नानं भाजलेला हात कोटाच्या बाहीत ओढून घेतला आणि ती उठली.

तेवढ्यात उत्तरेकडून धूळ उठली. हिरवी व्हॅन अंगणात शिरली आणि करकचून थांबली.

"आला!" व्हर्ना ओरडली. "बघितलंत? आला! तुम्ही निघा डेल, मी नाही येत!" टॉवेल सोडायचंही तिला सुचलं नाही. मेला, मूर्ख, पण माझा आहे, असं काहीतरी पुटपुटत ती दाराकडे धावली.

ऑरेस्ट धापा टाकत आत आला. डोळे लाल झाले होते.

"जरा सरका हो," असं म्हणून तो त्या चौकड्यांच्या कोटाला बाजूला सारून थेट गल्ल्याशी गेला. "माझा गॉर्डी! फोटो काढला आणि पंपावरच राहिला बिचारा! शेजारच्या सीटकडे बघतो तर रिकामी. काळजाचं पाणी झालं हो माझ्या!"

रोझाननं वाकून खोक्यातून बीव्हर काढला. ऑरेस्टनं तो छातीशी कवटाळला. त्याच्या खांद्यावरून दाराशी उभ्या व्हर्नाकडे बघत रोझान मोठ्यानं म्हणाली, "आणखी काही विसरला नाहीत ना?"

"शूऽऽ! हळू बोला," ऑरेस्टनं ओठांवर बोट ठेवलं. "बायको मागे झोपलीय. उठली तर जीव घेईल माझा."